पाठीमागची टकटक

ठोकेमास्तरांना कुणी बहिरं म्हटलेलं खपत नाही. "बहिरा नाही, जरा कमी ऐकू येतं," असं ते सांगतात, आणि तेही इतक्या मोठ्या आवाजात की पलीकडच्या दुकानातला माणूस मान वर करून बघतो. पूर्वी यावर गल्ली पोट धरून हसायची. हल्ली कुणी हसत नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून गॅरेजचं शटर जेमतेम अर्ध्यावर उघडतं, आणि मागच्या शेडमध्ये ती निळी गाडी ताडपत्री पांघरून उभी असते. तिला हात लावायची कुणाची टाप नाही.

लोक भेटायला येतात. समजूत काढायची म्हणून आलेली माणसं जे बोलतात तेच बोलतात. चांगलं मरण आलं, अंथरुणाला खिळल्या नाहीत, कुणाला त्रास दिला नाही, हिंडता-फिरता गेल्या. मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावतात. त्यांच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आहे, आणि तो ते कुणाला विचारत नाहीत. त्या सकाळी काकूंनी गाडीच्या पत्र्यावर टकटक केली, ती कशासाठी?

बाहेरच्याला हा प्रश्न कळायचा नाही. त्यासाठी आधी या नवरा-बायकोचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं.

मास्तरांचं काम गाड्यांचे पोचे काढायचं. धडकलेली, चेपलेली, दारं आत गेलेली गाडी त्यांच्याकडे यायची आणि सरळ होऊन जायची. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, आणि दिवसभर ठणाण ठणाण. ठोकळ्याचा हात पत्र्याआड असतो, तो दिसत नाही. घाव कुठे पडतो ते तळव्याला कळावं लागतं. मास्तरांना ते असं कळायचं की गिऱ्हाइकं गंमत म्हणून गाडीच्या दाराला आतून बोट टेकवायची, आणि मास्तर बाहेरून हात ठेवून नेमकी जागा दाखवायचे. कधी बोटभरही चुकले नाहीत.

कानात कापूस घाला, असं काकू लग्न झाल्या दिवसापासून सांगत होत्या. मास्तरांचं म्हणणं, कापूस घातला तर पत्रा काय बोलतोय ते कसं कळणार? आता यावर काय बोलावं! पत्रा बोलला, वर्षानुवर्षं बोलला, आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मुलीने हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं. ते लावलं की स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकदम डोक्यात पडल्यासारखी वाटतात म्हणून मास्तरांनी ते स्क्रूच्या डब्यात टाकून दिलं.

त्याच गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला काकूंचं शिवणयंत्र होतं. गाड्यांची सीट कव्हरं त्या शिवायच्या. जाड रेग्झीन, जाड सुई, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात कायम अंगुस्तान, धातूची टोपी. झोपतानाही काढायला विसरायच्या. हाक मारून उपयोग नाही हे कळल्यावर त्यांनी अंगुस्तानाने पत्र्यावर टकटक करायला सुरुवात केली. आवाज ऐकू आला नाही तरी धक्का मास्तरांच्या हाताला, पायाला, जिथे पत्रा टेकलेला असेल तिथे पोचायचा. एक टक म्हणजे इकडे बघा. दोन म्हणजे गिऱ्हाईक आलंय. एकामागून एक लागोपाठ म्हणजे जेवायला चला, पुन्हा बोलावणार नाही. नखाने खरवडल्यासारखं केलं तर तुम्ही चुकताय, असा अर्थ. ही शेवटची खूण सगळ्यांत जास्त वापरली गेली असावी.

मदतीला या, अशी खूणच नव्हती. तशी गरज काकूंना कधी पडली नाही, म्हणजे त्यांनी पडू दिली नाही. रेग्झीनचा अख्खा गठ्ठा त्या एकट्या ओढत न्यायच्या. एकदा सुई बोटातून आरपार गेली तर त्यांनी चिंधी गुंडाळून सीट पुरती शिवली, आणि मास्तरांना ते कळलं रात्री ताट वाढताना. "सांगायचं नाही का?" मास्तर ओरडले. काकू म्हणाल्या, "तुम्ही येऊन काय करणार होतात, ठोकून सरळ करणार होतात?"

निळी गाडी मूळची एका बेकरीची. झाडावर आदळली, मालकाने ती गॅरेजात आणून टाकली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. मास्तर रिकाम्या वेळात तिच्याशी खेळत बसायचे. हळूहळू ती सरळ झाली. मग काकूंनी एके दिवशी आत डोकावून म्हटलं, "इथे पलंग मावेल." बस्स, तिथून दोघांना खूळ लागलं. मास्तरांनी पलंग केला, छोटा ओटा केला, ओट्याच्या वर खिडकी कापली, गाडी ओढ्याकडे, डोंगराकडे, कुठेही तोंड करून उभी केली की बाहेरचं दिसेल अशी. काकूंनी गाद्या शिवल्या, पडदे शिवले. उन्हात गाडी तापली की आतून अजून पावाचा वास यायचा. कितीही धुतली तरी तो गेला नाही, आणि काकूंना तो जायला नकोच होता.

काकूंना प्राणी बघायचे होते. जन्मभर टीव्हीवर बघितले. प्रत्यक्षात बघितलेले म्हणजे गल्लीतली मांजरं आणि गॅरेजच्या आढ्यावर घाण करणारी कबुतरं. प्राणिसंग्रहालयात न्यायची तयारी मास्तरांनी कितीदा दाखवली, पण काकूंना ते नको होतं. "आपल्या कामाला निघालेला प्राणी बघायचाय मला," त्या म्हणायच्या. "ज्याला आपण बघतोय याचं काही पडलेलं नाही, असा."

तर असे ते दोघं निघाले. गॅरेजला कुलूप, शेजारच्या चावीवाल्याकडे किल्ली, मुलीला फोन. औषधांच्या दुकानात नोकरी करणारी ही मुलगी सरळ स्वभावाची आणि जरा काळजीखोर. तिने गोळ्यांची मोठी पिशवी आणि तेवढ्याच सूचना दिल्या. पिशवी पलंगाखाली गेली. सूचना वाऱ्यावर गेल्या.

पहिला प्राणी भेटला तो कोल्हा. ऐन रस्त्यात उभा राहून तो गाडीकडे बघत होता. काकूंनी श्वास रोखला. मास्तरांनी मात्र समोर कुणी आलं की जे करायची सवय होती तेच केलं, हॉर्न वाजवला. कोल्हा कुठल्या कुठे!

दुसऱ्या खेपेला हरणं होती. मोकळ्या कुरणाच्या कडेला गाडी लावून दोघं पाय मोकळे करत होते. काकूंनी मास्तरांचं कोपर धरून बोट दाखवलं, आणि मास्तरांनी आपल्या त्या सुप्रसिद्ध आवाजात विचारलं, "कुठंय? कुठंय?" हरणं तर गेलीच, झाडांवरचे पक्षीसुद्धा उठले. काकूंनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आवरेना, आणि काय झालं ते न कळून मास्तरही हसायला लागले.

त्या संध्याकाळी काकूंनी नियम घातला. मास्तरांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत, शाळेत सांगतात तसा सांगितला. "इथून पुढे मी आतून टक केलं की प्राणी आलाय असं समजायचं. समजलं की पुतळा व्हायचं. मान वळवायची नाही, उठायचं नाही, मुख्य म्हणजे तोंड उघडायचं नाही. डोळे तेवढे फिरवा."

"आणि प्राणी माझ्या पाठीमागे असला तर?"

"तर मी बघेन. तुम्हाला नंतर सांगेन."

"आणि हलायचं कधी?"

"मी येऊन खांद्याला हात लावीन तेव्हा."

नियम मास्तरांना पाठ झाला. माणूस हट्टी खरा, पण एकदा पटलं की पत्रा ठोकावा तसा चिकाटीने करणार. दुसऱ्याच दिवशी ते गाडीला टेकून दात घासत असताना टक झाली. मास्तर ब्रश तोंडात तसाच धरून गोठले. समोरून एक साळिंदर काटे सावरत, लग्नाला उशीर झाल्यासारखं लगबगीने निघालं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मास्तरांच्या हनुवटीवरून फेस गळत होता. काकूंनी बाहेर येऊन खांद्याला हात लावला आणि दुसऱ्या हाताने फडक्याने त्यांचं तोंड पुसलं.

मग रानडुक्कर आलं. त्याला बहुधा पावाचा वास आला असावा. मास्तर घडीच्या खुर्चीत बसले होते. पाठीला टक लागली. डुक्कर सरळ चालत आलं, त्याने मास्तरांचे बूट हुंगले, गुडघा हुंगला. मास्तरांच्या कपाळावर घाम होता, पण पापणीसुद्धा हलली नाही. आत काकू तोंडावर उशी दाबून हसत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, "तुझे बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकतायत गं!" हे वाक्य मास्तरांनी त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि ते लाजले. या वयात, आपल्याच बायकोसमोर. त्यांना वाटलं, इतकी वर्षं हिच्याकडे पाठ करून पत्रा ठोकत बसलो, आता निदान हिच्या एका टकटकीवर दगड होऊन दाखवतो.

मधूनमधून काकू चढावर थांबायच्या. दगडावर बसायच्या, हात छातीशी न्यायच्या आणि मास्तर बघतायत असं दिसलं की तोच हात केसांवरून फिरवायच्या. "काय झालं?" विचारलं तर म्हणायच्या, "कुठे काय? बघत बसले होते जरा." मास्तरांनी मानलं. न मानायला त्यांना तरी काय कारण होतं?

पेट्रोल भरताना पंपावरच्या बाईने सांगितलं, पुढे वळणावर ओढा आहे, तिथे सकाळी पाणमांजरं येतात. काकूंचे डोळे लकाकले. त्यांनी मास्तरांना पुन्हा पुन्हा सांगितलं, हाताने पोहून दाखवलं. "ती खेळतात हो पाण्यात! मोठी झाली तरी खेळतात. तेवढी बघू आणि मग चला घरी, मी तक्रार करणार नाही."

ओढ्याकाठी त्यांनी मुक्काम केला. पहिल्या सकाळी काही दिसलं नाही.

दुसऱ्या सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन बाहेर स्टुलावर बसले, ओढ्याकडे तोंड आणि पाठ गाडीच्या पत्र्याला टेकलेली. ऊन नुकतंच पाण्यावर येत होतं. काकू आत पडद्याची उसवलेली कड शिवत होत्या. त्यांनीच मास्तरांना बाहेर पिटाळलं होतं. "लुडबुड नको, तिथे बसा आणि डोळ्यात तेल घालून बघा."

पाठीला टक लागली.

मास्तर पुतळा झाले. कप अर्ध्या वाटेवर होता, तो तिथेच राहिला. समोर काहीच नव्हतं. त्यांनी डोळे फिरवून पाणी पाहिलं, पलीकडची माती पाहिली, झाडांची मुळं पाहिली. काही नाही. हिला खिडकीतून दिसलंय, आपल्याला दिसत नाही, आंधळे कुठले, असं त्यांनी स्वतःलाच म्हटलं. आणि तेवढ्यात मुळांखालून एक चपटं, ओलं डोकं वर आलं. मग दुसरं. मग दोन पिल्लं. मास्तरांचा ऊर भरून आला. तिने आधी पाहिलं! पाण्याखाली असताना पाहिलं!

पाणमांजरं खेळत होती. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढून घसरत होतं, पुन्हा चढत होतं. बापाने मासा आणला आणि दगडावर बसून तो एकट्यानेच खाल्ला. यावर काकू काय म्हणतील ते मास्तरांना आधीच कळलं आणि त्यांना मनातल्या मनात हसू फुटलं.

पुन्हा टक लागली.

हे नियमात नव्हतं. दिसल्यावर दुसऱ्यांदा टक कशाला? हो हो, बघतोय, मास्तर मनात म्हणाले. आनंदाच्या भरात करतेय. तेव्हाच मोठं पाणमांजर पाण्यातून छातीपर्यंत वर आलं आणि सरळ मास्तरांकडे बघायला लागलं. हललो तर सगळं संपलं. मास्तरांनी श्वाससुद्धा बारीक केला.

तिसरी टक लागली ती फार हलकी होती. पाठीऐवजी हवेतून आल्यासारखी. मास्तरांना ती जाणवली. जाणवली नाही असं ते स्वतःलाही सांगू शकत नाहीत. पण समोर ते जनावर त्यांच्या डोळ्यात डोळे घालून उभं होतं, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं, आणि पुतळा व्हायचं असं तिनेच सांगितलं होतं. ते हलले नाहीत.

चहा निवला. पाणमांजरं आरामात खेळली, आणि मग मुळांखालून जशी आली तशी निघून गेली. मास्तर खांद्यावर हात पडायची वाट बघत आणखी थोडा वेळ बसून राहिले. हात पडला नाही. तेव्हा ते उठले, आणि त्या बापाने एकट्याने मासा कसा हाणला ते सांगायला हसत हसत दाराशी गेले.

काकू ओट्याखाली जमिनीवर बसल्या होत्या, पाठ पत्र्याला टेकून. बोटात अंगुस्तान होतं. पडदा मांडीवर होता.

मास्तरांनीच त्यांना पलंगावर ठेवलं आणि गाडी पळवली. त्या छोट्या गावातल्या दवाखान्यापर्यंत ते अखंड बोलत होते, नेहमीच्या मोठ्या आवाजात. पाणमांजरांचं सगळं सांगितलं. आरशात बघून विचारलं, "तू बघितलंस ना? बघितलंस ना गं?"

मुलगी आली तेव्हा डॉक्टर मास्तरांच्या समोर बसून, ओठ सावकाश हलवत म्हणाले, "त्यांना त्रास झाला नसणार. एका क्षणात संपलं असेल." मग त्यांनी तोंड वळवलं आणि मुलीला आणखी काही सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. लोक खोटं समोरून बोलतात आणि खरं तोंड वळवून. "काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "तेच, बाबा." तिचे डोळे लाल होते.

"टक झाली होती," मास्तर तिला म्हणाले. "एकदा. तिला पाणमांजरं दिसली होती."

"मग बरं झालं, बाबा. बघायची होती ना तिला."

एकदा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चावीवाल्याला, भेटायला आलेल्यांना, रोज स्वतःला. एकच टक असेल तर हिशेब जमतो. काकू खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनी पाणमांजर पाहिलं, टक केलं, आणि सुखात गेल्या. डॉक्टरांच्या एका क्षणाशीही ते जुळतं. पण तीन? तीनदा टक करणारं माणूस एका क्षणात जात नाही. आणि एक टक म्हणजे इकडे बघा, हा अर्थ जन्मभराचा होता. पुतळा व्हायचा नियम तर परवाचा. जीव जात असताना माणूस कुठली खूण करेल?

तरीही मास्तर आशा सोडत नव्हते. पहिली प्राण्यासाठी असेल, ते म्हणायचे. पहिली नक्की प्राण्यासाठी. दुसरी-तिसरीचं मी भोगीन, पण पहिली तरी. रात्र रात्र नाही, ते दिवसाढवळ्या हातोडी हातात घेऊन हेच घोकत बसायचे आणि समोरच्या गाडीचं दार तसंच चेपलेलं राहायचं.

एक गोष्ट मात्र ते घोकायचे नाहीत, कारण ती त्यांच्या पाठीला माहीत होती. उभ्या माणसाने खिडकीजवळ टक केली तर ती स्टुलावर बसलेल्याच्या मानेच्या वर लागली असती. पत्र्यावर घाव कुठे पडतो हे ज्याला जन्मभर कळलं, त्याला त्या दिवशीही कळलंच असणार. त्यांनी त्या जागेचा विचारच करायचा नाही असं ठरवलं होतं. विचार जवळ आला की ते उठून झाडू मारायला लागायचे.

मग एक फुलवाला निळी गाडी मागायला आला. त्याला फुलं पोचवायला हवी होती. मुलगी रजा घेऊन आली, तिनेही हळूच सुचवलं, "देऊन टाकूया का बाबा? नुसती उभी आहे. बघितली की तुम्हाला त्रास होतो." मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताडपत्री काढली आणि गाडी अंगणात आणून उभी केली. स्टूल आणलं. ओढ्याकाठी होतं तसं, पत्र्याला लागून ठेवलं. मुलगी कपडे वाळत घालत होती, तिला हाक मारली.

"इथे बस. पाठ टेकून. मी आतून टक करीन, ती कुठे लागली एवढंच मला नंतर सांग. मानेपाशी, की पाठीत, की कुठे."

"कशाला, बाबा?"

"बस तर. आणि एक लक्षात ठेव. काही झालं तरी हलायचं नाही. मी बाहेर येऊन तुझ्या खांद्याला हात लावेपर्यंत हलायचं नाही. मान वळवायची नाही."

मुलीने हातातला ओला कपडा दोरीवर टाकला आणि ती स्टुलावर जाऊन पाठ टेकून बसली.

मास्तर आत गेले. पावाचा वास होता. आधी त्यांना खिडकीशी उभं राहून टक करायची होती आणि मग खाली बसून. दोन्ही जागा पडताळून बघायच्या, असं त्यांनी डोक्यात मांडलं होतं. पण ओट्याशी उभं राहिल्यावर त्यांना खिडकीकडे बघवेना. ते सरळ खाली बसले, ओट्याखाली, काकू बसल्या होत्या तिथे. पाठ पत्र्याला टेकली. तिथून खिडकी दिसत नव्हती. ओढा दिसला नसता, अंगण दिसत नव्हतं, आकाशही नाही. समोर फक्त पलंगाची फळी होती, त्यांनीच बसवलेली, आणि तिच्यामागे गोळ्यांची पिशवी, हात पुरणार नाही इतकी लांब. आणि पाठीमागे पत्रा. त्यांना पत्र्यातून पलीकडच्या पाठीची हालचाल जाणवली, मुलगी श्वास घेत होती ती. म्हणजे काकूंनाही त्यांची पाठ जाणवत होती. शेवटपर्यंत. मध्ये एक पत्रा, आणि पलीकडे चहाचा कप धरून आनंदात बसलेला नवरा.

हात उचलेना. अंगुस्तान नव्हतं, नुसतं बोटाचं हाड होतं, त्याने त्यांनी पत्र्यावर टक केली. अगदी हलकी, एकच.

दुसऱ्याच क्षणी गाडी हादरली. दार उघडलं आणि मुलगी आत घुसली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यांचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "हलू नको म्हटलं होतं ना मी?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज या वेळी मोठा नव्हता.

"म्हटलं होतंत."

"मग का आलीस?"

"अहो बाबा, तुम्ही आत एकटे होतात ना," मुलगी म्हणाली.

ती अगदी समोर बसली होती, तोंड वळवून नाही. ऐकू आलं नाही म्हणायला जागाच नव्हती.